गूळ आपल्या रानातला

आमचे चुलते, म्हणजे आबा, पहिल्या महायुद्धातले सुभेदार. आष्ट्याजवळ उसाचं रान आणि घरचं गुऱ्हाळ. मिरजेच्या डॉक्टरानं त्यांना मधुमेह सांगितला, गोड बंद केलं, नाहीतर डोळे जातील म्हणून बजावलं. आबांनी त्याच दिवशी चहातली साखर सोडली आणि गूळ घालायला सुरुवात केली. साखर कारखान्याची, गूळ आपल्या रानातला, तो कसा बाधेल? अडाणीपणाला सुभेदारी मिळाली की समजावणार कोण!

डॉक्टर काही उपाशी राहा म्हणाला नव्हता. सणालाही भाकरी, मेथीची भाजी, बिनगुळाची कटाची आमटी पोटभर खा, पुरणपोळीचा घासभर प्रसाद घ्या, एवढंच सांगितलं होतं. काकीनं बेंदराला, बैलांच्या सणाला, तसं ताट वाढलं. आबांनी ते दूर सारलं.

"सणाला भाकरी? घरात सुतक हाय काय?"

आणि गुळवण्यात पोळ्या कुस्करून बसले. भावकीतली टाळकी माना डोलावत आणखी वाढा, आणखी वाढा करत होती. इतक्या प्रेमानं माणसाला विष चारलेलं मी दुसरीकडं पाहिलं नाही.

त्याच सुमारास मी पुण्याहून हात हलवत परत आलो होतो. दुसरं युद्ध चालू होतं, विमानदलाला पोरं हवी होती. पण वैमानिक व्हायचं तर चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी तक्त्याची बारीक ओळ वाचता यायला हवी, रंग ओळखता यायला हवेत. माझा डावा डोळा अडला. सरावासाठी तिथून एक जुना तक्ता मागून आणला आणि घराच्या पुढच्या सोप्यात भिंतीवर लावला. त्यावर अक्षरं नव्हती, फणीसारख्या खुणा होत्या. फणीचे दात कुठल्या बाजूला आहेत ते सांगायचं. आबा रोज खाटेवर बसून कवायतीच्या आवाजात तो वाचत. वर, डावं, खाली, उजवं. मग मला विचारत, "काय रं पायलट, पास का नापास?" भावकी खिदळायची. मला त्या सगळ्यांचा वीट आला होता.

नवरात्राआधी भिंतींना चुना दिला, तेव्हा मी तक्ता काढून माळ्यावर टाकला. दसऱ्याला सोप्यातच पंगत बसली आणि काकीनं पुन्हा आबांना भाकरी वाढली. आबा भडकले. माझ्या डोळ्यांना धाड भरलेली नाही, हवं तर तक्ता वाचून दाखवतो म्हणाले आणि भिंतीकडं बघत सुरू झाले. वर, डावं, खाली, उजवं. शेवटच्या ओळीपर्यंत एक चूक नाही. समोर नुसती पांढरी भिंत होती.

 भावकीतली एरवी तोंडाळ माणसं आता ताटात बघत बसली. भेकड कुठली! काकीनं हातातली तुपाची वाटी खाली ठेवली.

"काय रं पायलट," आबांनी विचारलं, "पास का नापास?"

"नापास, आबा. तक्ता भिंतीवर न्हाईच."

 आबांनी ताटात हात फिरवून भाकरी शोधली आणि तुकडा मोडला.  एवढ्यात शेजारून कुणीतरी म्हणालं, "आवं, सणाची एक तरी पोळी घ्या की."

आबांनी नको म्हणून ताटावर हात आडवा धरला. तरी पोळी हाताच्या पलीकडं, ताटात पडली. त्यांना ती दिसली नाही.