नव्या पन्हाळीतल्या बिबड्या

माझे सासरे, आमचे नाना, अमळनेरला कापडाचं दुकान चालवतात. दुकानाला पत्र्याचं छप्पर आणि रस्त्याच्या बाजूने उंच भिंत. त्यामुळे पावसाचं पाणी पत्रा आणि भिंत यांच्या मधे साठायचं आणि थेट साड्यांच्या कपाटावर उतरायचं. गेल्या पावसाळ्यात लग्नाचे शालू भिजले तेव्हा नाना मटकन खालीच बसले. "आता एक थेंब जरी गळला तरी दुकान विकून टाकतो," म्हणाले. शेजारचा मोबाईलवाला दुकान घ्यायला टपूनच बसलेला. दुकान गेलं तर हा माणूस घरात बसून करणार काय?

मी बांधकामाची इंजिनियर, नोकरी जळगावात. म्हटलं, नाना, पत्रा आणि भिंतीच्या मधे पन्हाळ मी बसवते. आत पाय ठेवून साफ करता येईल एवढी रुंद, जाड पत्र्याची, पेटीसारखी करून घेतली. पाण्याच्या नळीने लेव्हल काढून उतार दिला, टोकाला खाली उतरणारा पाईप. शिवाय भिंतीतून रस्त्याकडे एक चौकोनी तोंड काढलं. पाईप तुंबलाच, तर पाणी दुकानात घुसायच्या आत तिथून बाहेर पडावं म्हणून. नियमच आहे तसा.

ते तोंड बघून नाना भडकले. "नवी पन्हाळ नि तिले भोक? हाई काय शे?"

मीही काही कमी नाही. म्हटलं, भोक राहणार, नाहीतर दुसरं कोणीतरी बघा! दोन दिवस आमचं बोलणं सासूबाईंच्या मार्फत चाललं.

पावसाची वाट बघण्याइतका धीर माझ्यात नव्हता. भर वैशाखात मी पाण्याचा टँकर बोलावला. आता अमळनेरात उन्हाळ्यात छपरावर टँकर ओतणार म्हटल्यावर काय होणार? अख्खी गल्ली हंडे, बादल्या, टब घेऊन पाईपाखाली रांगेत! मोबाईलवालाही लाल बादली घेऊन हजर. नानांनी मुद्दाम खुर्ची घेतली आणि बरोब्बर त्या चौकोनी तोंडाखाली मांडली. "इथून काय येतं तेच बघतो," म्हणाले आणि पायावर पाय टाकून बसले.

पाणी सुटलं. पत्र्यावरून धो धो पन्हाळीत, पाईपातून खाली, पहिला हंडा भरला, दुसरा भरला, आणि धार बारीक होत होत बंदच पडली. "ओ ताई, पाणी गेलं!" रांगेतून ओरडा. सकाळीच तर सगळी पन्हाळ मी स्वतः बघून खाली आले होते!

तेवढ्यात धबाक्! चौकोनी तोंडातून पाण्याचा लोंढा नानांच्या टाळक्यावर. पाठोपाठ त्यांच्या खांद्यावर, मांडीवर, चष्म्यावर पचापच पडायला लागल्या... बिबड्या! ज्वारीचे पापडच ते, अर्धे वाळलेले, तीळ लावलेले!

"अगं बाई, माझ्या बिबड्या!" सासूबाई दुकानाला लागून असलेल्या घराच्या गच्चीवरून किंचाळल्या. झालं होतं असं, की मी खाली उतरल्यावर त्यांना तो कोरा, लख्ख, तापलेला पत्रा दिसला. बिबड्या वाळायला याहून झकास जागा कुठली? नानांचं जुनं धोतर अंथरून त्यांनी ओळीने बिबड्या घातल्या होत्या पन्हाळीत. तेच धोतर वाहत जाऊन पाईपाच्या तोंडात बसलं. मी हसू की रडू! गल्ली तर हसून हसून लोळायची बाकी होती, आणि सगळी रांग बादल्या घेऊन नानांकडे धावली.

नाना मात्र हसले नाहीत. ताडकन उठले आणि निथळत दुकानात शिरले. आतून कपाटाची दारं उघडल्याचे आवाज येत होते, एकामागून एक.

"कोरडं शे!" आतून आवाज आला. "बठ्ठं कोरडं शे!" सगळ्या कपाटांत एकही साडी भिजली नव्हती.

नाना दारात आले, डोक्याला बिबडी तशीच चिकटलेली. त्यांनी आपली खुर्ची त्या तोंडाखालून बाजूला ओढली आणि मोबाईलवाल्याची लाल बादली स्वतःच्या हाताने तिथे नीट ठेवली.

"भर भाऊ, पोटभर पाणी भर," म्हणाले. "दुकान काही मिळायचं नाही."