चिमणीबाईंची तुकडी

आमच्या भाचीला शाळेत चिमणीबाई म्हणतात. मुलं नव्हे हो, मास्तर लोक! मुलांची काय टाप आहे. आवाज बारीक, अंगकाठी त्याहून बारीक, म्हणून चिमणी. मी त्याच शाळेच्या ऑफिसात कारकून आहे, डोक्याचे केस तिथेच पिकवलेत, त्यामुळे तोंडावर कुणी तसं म्हटलं की मी असा काही चष्मा वर करून बघते, की पुढचा माणूस आपण कशाला आलो होतो तेच विसरतो.

ही माझ्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली, पोर माझ्याकडे वाढली. हंगामी शिक्षिका म्हणून ती आमच्या शाळेत लागली तेव्हा सगळ्यांनी उचलली जीभ लावली टाळ्याला, मावशीचा वशिला म्हणे. डोंबलाचा वशिला! वशिला असता तर तिला सातवीची शेवटची तुकडी मिळाली असती का? ती तुकडी म्हणजे कुणाला नको असलेल्या पोरांचं गाठोडं. हेडसरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, दोन वर्षं सांभाळा, मग तपासणीला साहेब येतील, वर्ग बघतील, त्यांना पटलं तर कायम, नाहीतर नमस्कार.

शेजारच्या वर्गात आमचे डस्टर मास्तर. टेबलावर डस्टर आपटल्याशिवाय यांचं वाक्य सुरू होत नाही. ते म्हणाले, "बाई, त्या पोरांना आधी दम भरा. तिथे शिकवायचं नसतं, सांभाळायचं असतं. पालथ्या घड्यावर पाणी आहे ते." ही गालातल्या गालात हसली आणि म्हणाली, "घडा सुलटा करून बघते, सर."

आणि पहिल्या आठवड्यात हिने काय करावं? वह्या वाटायची तालीम! खोटं नाही सांगत. रांगेतल्या पहिल्याने गठ्ठा घ्यायचा, आपली वही ठेवून मागे द्यायचा, तोंडातून शब्द नाही. परत गोळा, परत वाटप. मी खिडकीतून बघितलं आणि कपाळाला हात लावला. घरी आल्यावर म्हटलं, "अगं, शाळा आहे की बँडपथक? गणित कधी शिकवणार?"

"मावशी, रोज वह्या वाटताना अर्धा तास दंगा होतो. तो एकदाच काढून टाकते. मग तो अर्धा तास माझा."

माझा काही विश्वास बसला नाही. पण महिन्याभरात तिच्या वर्गात वह्या अशा सरकायला लागल्या, की मी ऑफिसातल्या शिपायांना ते बघायला पाठवलं.

तिच्या सगळ्या तऱ्हाच वेगळ्या. तास सुरू व्हायच्या आधी दारात उभी. आत येणाऱ्या प्रत्येकाशी एकेक वाक्य, "काल आला नाहीस, बरं आहे ना?", "शर्टाचं बटण लाव." आत फळ्यावर एक गणित आधीच लिहिलेलं. पोरगं बसलं की पाटी काढून कामाला लागलंच पाहिजे, गप्पांना जागाच नाही. काही सांगायचं असलं की ही चालता चालता बोलणार नाही. एका जागी उभी राहणार, थांबणार, सगळे डोळे आले की मग बोलणार, तेही हळू. आवाज बारीक, म्हणून पोरं कान देतात! कुणी वात्रटपणा केला तर चारचौघांत पाणउतारा नाही. त्याच्या बाकाशी वाकून कानात दोन शब्द सांगायची आणि पुढे जायची. काय सांगते ते मला आजवर कळलेलं नाही. पण पोरगं सुतासारखं सरळ.

प्रश्न विचारायची तऱ्हा तर माझा जीव घेणारी. हात वर करायचे नाहीत. प्रश्न आधी, मग शांतता, नाव सगळ्यात शेवटी. म्हणजे नाव येईपर्यंत झाडून सगळ्यांना विचार करावा लागतो. कुणी "येत नाही" म्हटलं, तर रागवायचं नाही, पण सोडायचंही नाही. दुसऱ्याला विचारायचं आणि फिरून याच्याकडेच यायचं. तोवर त्याने उभंच राहायचं. आपल्या तोंडून उत्तर द्यायचं, कसं आलं ते सांगायचं, मगच खाली बसायचं. निम्म्या उत्तराला ती "शाबास" म्हणत नाही. म्हणते, "निम्मं बरोबर. उरलेलं?"

"अगं, एवढी कशाला मागे लागतेस बिचाऱ्यांच्या?" मी एकदा विचारलं.

ती चिडली. कधी चिडत नाही, पण तेव्हा चिडली. "त्यांना आजवर सगळ्यांनी बिचारंच म्हटलंय, मावशी. 'बस खाली' म्हणजे काय, माहीत आहे? तुला जमणार नाही, एवढाच त्याचा अर्थ."

 मला गप्प बसवणारं माणूस घरात तीच एक.

झालं, दोन वर्षं सरली. तपासणीचा दिवस उजाडला. साहेब उंच, कपाळावर कायमची आठी. हेडसर त्यांच्या मागे-मागे. मला काही काम नव्हतं, पण मी उगाच पाण्याचा ट्रे घेतला आणि वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहिले. शिपाई म्हणाला, "मॅडम, मी नेतो ना." त्याला म्हटलं, "तू गप रे."

वह्या सरकल्या, उत्तरांच्या पाट्या वर झाल्या, साहेबांची आठी जरा सैल झाली. मग ते म्हणाले, "आता मी विचारतो. टाकीत पाऊण टाकी पाणी आहे. त्यातलं एक तृतीयांश वापरलं. किती टाकी उरलं?" आणि बोट कुणाकडे दाखवावं? वर्गातल्या 'कुलपा'कडे! ही शेवटच्या बाकावरची मुलगी. आधीच्या वर्गात वर्षभर तोंड उघडलं नाही म्हणून पोरांनीच ठेवलेलं नाव. माझ्या तोंडचं पाणी पळालं, हातात पाण्याचा ट्रे असून.

कुलूप उभं राहिलं. मान खाली. "येत नाही, सर."

"बरं, बस." साहेबांनी पुढच्याला विचारलं. तो म्हणाला, "अर्धी टाकी." साहेबांनी मान डोलावली, कागदावर काहीतरी खरडलं, वर बघितलं, तर कुलूप अजून उभंच.

"बस म्हटलं ना?"

"सर, माझं उत्तर राहिलंय."

 हेडसरांचा चेहरा पांढराफटक. साहेबांची आठी पुन्हा कपाळावर. "उत्तर मिळालंय आता. अर्धी."

"अर्धी," कुलूप पुटपुटलं.

झालं की! आता बसव बाई तिला, मी मनात म्हटलं. हेडसर साहेबांच्या पाठीमागून हिला हाताने खुणावत होते, बसवा, बसवा. आणि ही कार्टी म्हणते काय? तिच्या त्या बारीक आवाजात, साहेबांसमोर, "कशी आली अर्धी?"

माझा जीव टांगणीला. अगं, तुझी नोकरी आहे पणाला! कुलूप गप्प. ही गप्प. साहेब घड्याळाकडे बघतायत. हेडसर शेवटी बोललेच, "बाई, साहेबांना पुढे जायचंय."

"हो सर. तिचं होऊ दे, मग जाऊ." आणि पुन्हा गप्प उभी. हात मागे बांधलेले. मला दारातून दिसत होतं, मागच्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले होते. पण चेहऱ्यावर काही नाही, त्या पोरीकडे असं बघत होती की जणू जगात दुसरं काही कामच नाही.

"पाव गेली," कुलूप म्हणालं.

"बरोबर, पाव गेली. पण पाव का?"

मुलीने पाटी उचलली. चार चौकोन काढले. तिनांत रेघा मारल्या. "टाकीचे चार भाग. तिनांत पाणी. तिनांतला एक वापरला." तिने एका चौकोनातल्या रेघा बोटाने पुसल्या. आणि मग तिचा आवाज एकदम मोठा झाला, इतका की पुढची पोरं मागे वळली. "दोन राहिले! चारातले दोन. म्हणून अर्धी!"

"आता बस," ही म्हणाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्या वर्गात ते रोजचंच होतं ना! साहेब मात्र उठायचे ते पुन्हा खुर्चीत टेकले आणि तास संपेपर्यंत हलले नाहीत. खरं सांगते, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. डोळे भरून आले, आणि ट्रेमुळे पुसताही येईनात.

दुपारी साहेब ऑफिसात हेडसरांना म्हणाले, "त्या बाईंना कायम करा. आणि एक सांगतो, मी असतो तर त्या मुलीला बसवलं असतं. या बाई थांबल्या." मी माझ्या टेबलावरून सगळं ऐकलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे जगजाहीर. मी चप्पल घातली न घातली, जिना चढून तडक तिच्या वर्गावर.

"अगं ए, झालं! तू का—"

तिने माझ्याकडे न बघता तळहात वर केला. थांब. मधल्या रांगेतलं एक पोरगं उभं होतं, डोकं खाजवत, ओठ हलवत. गणित सुटत नव्हतं बिचाऱ्याचं. बिचाऱ्याचं नाही, चुकले. त्याचं.

दुसरं कुणी मला असं हाताने गप्प केलं असतं तर मी शाळा डोक्यावर घेतली असती. पण मी चौकटीला टेकले, धाप आवरली, आणि त्या पोराकडे बघत उभी राहिले. घे बाबा, घे तुझा वेळ. नोकरी काय, आता कुठे पळून जात नाही.