साखरेनं शांत होणारी देवी

माझी थोरली बहीण लातूरजवळच्या मुरुडला दिली होती. लग्नानंतर वीसेक वर्षांनी, एका नवरात्रात, तिच्या अंगात येऊ लागलं. कडक उपास असायचे. पहाटे तिला दरदरून घाम फुटायचा, नजर फिरायची, जीभ जड व्हायची, घरची माणसं ओळखू यायची नाहीत. सासू ओरडायची, "वारं आलं गं, आरती आणा!" बाया ओटी भरायच्या, प्रश्न विचारायच्या. मग कुणीतरी तोंडात साखरेचा प्रसाद घालायचं आणि थोड्या वेळानं ती भानावर यायची. ही देवी साखरेनं शांत होते, असं गावभर झालं. पुढं सासूनं तिला मंगळवार, शुक्रवारही धरायला लावले. त्या वारांनाही वारं येऊ लागलं.

अशी तीन वर्षं गेली. उपाशी असली की भान जातं, साखर खाल्ली की परत येतं, याचा अर्थ कुणी लावला नाही. पुस्तकांत डोकं घालून बसणाऱ्या माझ्यासारख्यानंही नाही. मी तेव्हा बिलोलीच्या कॉलेजात शिकवत होतो. तिच्या पायांवर डोकं ठेवून मी विचारलं, "नांदेडला बदली होईल का?" ती काहीतरी पुटपुटली. बदली झाली. मी साडी-चोळी घेऊन गेलो. याची चीड अजून जात नाही.

नांदेडला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा एका सकाळी तिनं मला ओळखलं नाही. बायकोनं निरांजन लावलं. शेजारच्या नर्सबाई धावत आल्या. "आरती काय करून राहिलात? बोट द्या त्यांचं इकडं!" बोट टोचून पाहिलं, तर रक्तातली साखर पार खाली गेली होती.

साखर का पडते ते शोधताना काढलेल्या एक्स-रेत उजवी छाती जवळजवळ भरलेली दिसली. लातूरचे सर्जन म्हणाले, "फुप्फुसाच्या आवरणावर नारळाएवढी गाठ आहे. क्वचित अशी गाठ रक्तातली साखर पाडते. काढली की ते थांबेल. पण फार उशिरा आलात."

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. एका सकाळी सलाईन बंद होतं, पोटात काही नव्हतं, तरी साखर जागेवर होती. बहीण माझ्याकडं बघून म्हणाली, "उपाशी हाय रे मी, अन् तू मला वळखू येऊन राहिलास." मग हसली. "ती साडी लई भारीतली होती. बदलीची व्हय?"

गाठीनं दाबलेलं फुप्फुस मात्र नीट फुललं नाही. त्यात न्यूमोनिया झाला आणि नवव्या दिवशी ती गेली.

तेराव्याला सासू पंगतीत म्हणाली, "गाठ कापली अन् देवी रुसली."

मी कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "तिची साखर उतरत होती. तुम्ही तिला उपाशी ठेवलंत, अन् मी पाया पडलो!"

"मास्तर दुःखात हायेत, जाऊ द्या," कुणीतरी म्हणालं. सासूनं ऐकलंच नाही. आईचे मंगळवार आता लेकीनं चालवायचे, असं ती सांगत होती. कॉलेजात जाणारी माझी भाची कोपऱ्यात उपाशी बसली होती. वार मंगळवारच होता.

मी ताट वाढून तिच्यापुढं ठेवलं.

"मामा, आजी रागावंल."

"रागावू दे. जेव."

तिचं जेवण होईपर्यंत मी तिथून हललो नाही.