मावशीची मुकी भूमिका

दारातून साधं आत येणं जिला आयुष्यात कधी जमलं नाही अशी अख्ख्या दारव्ह्यात एकच बाई, माझ्या आईची मैत्रीण, आमची मावशी. ती येत नाही, प्रवेश करते. उंबऱ्यावर थांबून पदर सावरते, घरातल्या सगळ्या माना वळल्या की मगच पाऊल उचलते. गावोगावच्या नाटकांत तिनं राण्या अशा गाजवल्या की बाजारात वांग्यांचा भाव विचारतानाही आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाई आणि भाजीवाला घाबरून भाव उतरवी.

मी लिहिते त्या कथांत फारसं काही घडत नाही. खिडकी असते, दुपार असते, एक गप्प बाई असते. मावशी त्या चष्मा लावून वाचायची आणि विचारायची, "अवं, हे बाई बोलून काहून नाही राह्यली? मुकी हाये काय?" मला राग यायचा, आणि तिच्याशिवाय करमायचंही नाही.

गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, उरली नुसती कुजबुज. "एकडाव मले स्टेजवर बसव वं," ती माझ्या कानाशी म्हणाली, "पन आवाज गेला हे कोणाले समजू नोको देऊ." म्हणून मी तिच्यासाठी एक छोटं नाटक लिहिलं. खिडकीपाशी बसलेली बाई, शेवटपर्यंत न बोलणारी.

यवतमाळच्या हॉलमध्ये पडदा उघडला. दारव्ह्याहून बायका जीप करून आल्या होत्या. मावशी गप्प बसलेली, निळसर उजेड, आणि काय सुंदर शांतता! तेवढ्यात मागून एक बाई कळवळून ओरडली, "भुलली वं मावशी, वाक्य भुलली! सांगा ना कोणी!" आणि तिनंच मावशीच्या जुन्या राणीचं वाक्य सुरू केलं, "प्रधानजी, उघडा दरवाजे! येऊ द्या माझ्या लेकरांना!" दुसरीनं पुढचं म्हटलं, तिसरीनं त्याच्या पुढचं. बघता बघता सगळा हॉल बोलू लागला. ती नाटकं या बायकांना तोंडपाठ होती.

मी विंगेत हात चोळत उभी. मावशी मात्र हळूहळू उठली. वाक्यागणिक तिचा हात वर जात होता, मान वळत होती, ओठ हलत होते. कोण बोलतंय आणि कोण ऐकतंय, स्वप्नात कळत नाही तसं मला कळेनासं झालं. माझ्या नाटकाचा पार निकाल लागला होता आणि मी रडत होते.

पडदा पडल्यावर ती माझ्या खांद्याला टेकली. "कोणाले समजलं त नाही न वं पोरी?"

"नाही मावशी," मी म्हटलं, "कोणालाच नाही."

पडद्यापलीकडे बायका अजून तिचे संवाद म्हणत होत्या, अगदी तिच्याच चढउतारांनी. ती डोळे मिटून आपला आवाज ऐकत राहिली.