झटक्याचं अर्थिंग

"परत कट झालं," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मॉडेमची किरकिर मध्येच तुटली होती, आणि आत कॉटवर बबनभाऊ छाती धरून घामाने निथळत पडले होते.

मी टेलिफोनचा टेक्निशियन. जमाना डायल-अपचा. मॉडेम म्हणजे कॉम्प्युटरचं बोलणं आवाजात बदलून फोनच्या तारेवरून पाठवणारा डबा. पलीकडचा मॉडेम ते ऐकून पुन्हा उलगडतो. तारेवर खरखर आली, की दोघांची चुकामूक होते आणि कॉल तुटतो. डिंभ्याजवळच्या या दवाखान्यातून मॅडम पेशंटचा ईसीजी याच वाटेने पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायच्या. दिवसा सगळं सुरळीत, दिवेलागणीला बोंब. म्हणून या खेपेला मी मुद्दाम संध्याकाळी आलो, आणि तेवढ्यात शेजारच्या घरातून बबनभाऊंना आणलं.

मॉडेम बदलला. वायर बदलली. पुन्हा कट.

"फोनवर तोंडी नाही सांगता येणार?" मी विचारलं.

"इंजेक्शन जोखमीचं आहे. ईसीजी बघितल्याशिवाय ते हो म्हणणार नाहीत. तुम्ही लाइनचं बघा हो!"

बाहेरच्या बॉक्सला मी टेस्टिंगचा फोन लावला. टक. टक. टक. सैल जॉइंट असा नेमाने वाजत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत असलं कधी ऐकलं नव्हतं. मी चक्रावलो.

दारात मॅडम बबनभाऊंच्या बायकोला, सुमनताईंना, हळूच सांगत होत्या, "यांना झटका आलाय बहुतेक."

"झटका? न्हाई वो म्याडम," सुमनताई म्हणाल्या. "झटक्याला हातबी न्हाई लावला त्यांनी. मी आत्ताच चालू करून आले की."

माझ्या कानात टकटक चालूच होती. अंगावर सर्रकन काटा आला.

आमच्याकडे झटका म्हणजे कुंपणाच्या तारेत ठोक्याठोक्याने करंट सोडणारं मशीन. बिबट्या येऊ नये म्हणून गोठ्याभोवती लावतात.

"ताई, त्याचं अर्थिंग कुठं दिलंय?"

"दवाखान्यामागं पाइप हाय ना, त्येला. आमच्यात समदा कातळ. पाइप आतच जाईना."

तो पाइप टेलिफोनच्या अर्थिंगचा होता! झटक्याचा प्रत्येक ठोका आमच्या लाइनीत शिरत होता.

"आधी बंद करा ते!"

"अवो, वासरू हाय गोठ्यात. बिबट्या कालच येऊन गेलाय."

वाद घालत बसायची ही वेळ नव्हती. मी मागे धावलो आणि उघड्या हातानेच पाइपावरची झटक्याची वायर ओढून काढली. खांद्यापर्यंत असा हिसका बसला की आई आठवली.

आतून किरकिर ऐकू आली. या वेळी ती तुटली नाही. "गेला ईसीजी!" मॅडम ओरडल्या. थोड्या वेळाने पुण्याहून होकार आला, इंजेक्शन दिलं गेलं. मी पायरीवर बसून राहिलो. या माणसाने स्वतःच्या हाताने बांधलेली तार त्याचाच जीव घ्यायला निघाली होती, आणि आम्हा कुणालाच पत्ता नव्हता.

बबनभाऊ वाचले. वासरूही वाचलं, सुमनताईंच्या जावेने त्याला सरळ घरात घेतलं होतं. पुढे मी ओढ्याकाठच्या ओल्या जमिनीत झटक्याला वेगळा पाइप ठोकून दिला. बबनभाऊ काठी टेकत बघायला आले.

"लावला बिबट्यासाठी," ते म्हणाले, "अन् घावलो आमीच, राव."

फॉल्टचं कारण म्हणून मी साहेबांना 'झटका' एवढंच सांगितलं.

"कुणाला?" त्यांनी विचारलं.

"तसे दोघांना. एक मी."

तेव्हापासून लाइन बिघडली की मी आधी शेजाऱ्याचं कुंपण बघतो, मग आपली तार. आणि हातमोजे घालतो.