सांध्याखालचं पान

हापूसच्या त्या केसचा विषय निघाला की आजही आधी मला स्वतःचंच हसू येतं.

तेव्हा मी नवी मुंबईत वरिष्ठ निरीक्षक होतो. जुईनगरच्या एका सोसायटीने आवारात हापूसची कलमं लावली होती. फळबाजारातला आमचा खबरी म्हणाला, "साहेब, नर्सरीवाल्या चाचाने हापूस सांगून साधा रायवळ आंबा खपवलाय." मी हे कानावर घालताच सोसायटीच्या सेक्रेटरींनी फसवणुकीची तक्रार दिली.

फळ धरायला अजून काही वर्षं होती. तोवर जात ओळखायची कशी? कृषी प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "पानं पाठवा. पानातली रसायनं जातीप्रमाणे बदलतात. अस्सल हापूसच्या पानांशी ताडून सांगते." मी स्वतः पंचांसमक्ष पानं तोडली. सेक्रेटरी सारखे म्हणत होते, "शेंड्याला हात नको साहेब, शो जातो झाडाचा." म्हणून बुडाजवळची टवटवीत पानं घेतली, पाकिटं सील केली. अहवाल आला, हापूसशी जुळत नाही.

चाचांना ठाण्यात बोलावलं. सत्तरीचे गृहस्थ, उरणकडे वडिलांपासूनची नर्सरी. मी चांगलाच तापलो होतो. "कबूल करा चाचा. अटक झाली तर तुमच्या दारात गिऱ्हाईक फिरकणार नाही."

म्हातारा हबकला, पण नजर चुकवली नाही. "साहेब, कलम माझ्या हातचं हाय. पान कुठनं तोडलंत?"

"झाडावरून. आणखी कुठून?"

मी पंचनाम्याचे फोटो पुढे सरकवले. चाचांनी चष्मा चढवला आणि खुदकन हसले. "साहेब, कलम रायवळच्या रोपावरच बांदतात. सांध्याच्या वर हापूस, खाली रायवळ. तुमी खालचा फुटवा तोडलात."

मी पंचनामा पुन्हा उघडला. त्यात मी झाडाचा क्रमांक आणि वेळ लिहिली होती, पान सांध्याच्या वरचं की खालचं हे नव्हतं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींना बाजूला उभं करून सांध्याच्या वरची पानं घेतली. या वेळी अहवाल आला: हापूस.

फोन न करता मी थेट नर्सरीत गेलो आणि वर्दीत, सगळ्या माणसांसमोर, चाचांची माफी मागितली. इतक्या वर्षांच्या नोकरीत संशयिताला सॉरी म्हणायची ती पहिलीच वेळ. फार हलकं वाटलं. पुरावा खरा असतो, पण तो नेमका कशाचा आहे हे विचारायला मी त्या दिवशी शिकलो.

चाचांनी डोळे पुसले आणि चाकू माझ्या हातात दिला. "आता तुमी बांदा एक." त्यांनी शिकवलं तसं मी एक कलम बांधलं. महिन्याभराने त्यांचा फोन आला. "साहेब, तुमचं कलम मेलं. आता तक्रार कोनाकडं करू?"