मीटर रूममधलं मांजर

काही प्रकरणांची फाईल बंद होते, पण ती मनातून जात नाहीत. नोकरीत मी तलवारी, कोयते, गावठी कट्टे असं बरंच जप्त केलं. पण ज्या हत्याराची मला आजही धास्ती वाटते, त्याची जखम मी पाहिली ती बदलापुरात. जखम म्हणजे लाल पेनाने दिल्यासारखे दोन ठिपके. फिर्याद लिहून घेणाऱ्या अंमलदाराने मला विचारलं, "साहेब, आरोपीच्या रकान्यात काय लिहू? मांजर, फरार?"

फिर्याद द्यायला कात्रपच्या एका सोसायटीतल्या बाई आल्या होत्या. त्यांचे यजमान उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर. रविवारी सकाळी घरातली वीज गेली म्हणून ते खाली मीटर रूमकडे गेले. दाराला बाहेरून कडी होती. ती काढून आत हात घातला, तोच अंधारातून एका मांजराने उजव्या हाताची तर्जनी मुळापाशी धरली आणि चावून ते पळालं. मास्तरांनी हळद दाबली, चिंधी बांधली. कुत्रं चावलं असतं तर धावत दवाखाना गाठला असता. मांजराला कोण भितं? सोमवारी ते कामावरही गेले.

"संध्याकाळी आले ते हात छातीशी धरूनच," बाई म्हणाल्या. "मंगळवारी कोपरापर्यंत लाल रेघ चढली. आता डॉक्टर म्हणतात, बोट राहील की नाही सांगता येत नाही. बोट गेलं तर त्यांनी कापड कशाने कापायचं, साहेब?"

अंमलदार हसायचा थांबला.

मी रुग्णालयात मास्तरांचा जबाब घ्यायला गेलो. बोट उघडून आतून धुतलं होतं. तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "मांजराचा दात सुईसारखा असतो. जंतू थेट सांध्यात नेऊन सोडतो. वरचं भोक लगेच मिटतं, आत पू होत राहतो. वर यांनी हळदीचा लेप लावला. म्हणजे चोर आत असताना दार लावून घेतलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी यायचं, एवढंच होतं." रेबीजची इंजेक्शनं त्यांनी सुरू केली होती. पण ते मांजर सापडलं आणि दहा दिवस ठणठणीत राहिलं, तर निदान ती भीती जाईल, असं त्या म्हणाल्या.

मास्तर छताकडे बघत होते. "दोन ठिपके हो, साहेब. कारखान्यात सुई याच्यापेक्षा जास्त टोचते."

तो हात मी बराच वेळ पाहत राहिलो. माणूस एवढा मोठा, आणि त्याच्यात शिरायची वाट एवढीशी.

कायदाही काही लहान नव्हता. आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर नव्या न्याय संहितेत कैदेपर्यंत शिक्षा आहे. त्यात जखमीला पंधरा दिवस रोजची कामं करता आली नाहीत, की दुखापत गंभीर धरतात. कडी बाहेरून होती, म्हणजे मांजर कोणीतरी कोंडलं होतं. पण "मांजर कोणाचं नसतं, साहेब," हे वाक्य मी त्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर ऐकलं.

सोसायटीचे चेअरमन अंबरनाथच्या कारखान्यातले निवृत्त अधिकारी. दारावरच्या पाटीवर हुद्दा नावापेक्षा मोठा. 'इमारतीत मांजर पाळण्यास सक्त मनाई' ही नोटीस त्यांच्याच सहीची. रविवारी सकाळी त्यांच्या घरी कमिटीची मीटिंग होती, हे त्यांनी मला मिनिट्स दाखवून सिद्ध केलं.

खबर मिळाली ती कोपऱ्यावरच्या मासळीवालीकडून. "श्रावणान माझी पाटी कोन बगतंय, साहेब? त्या बिल्डिंगीतली एकच बाई येते. चेअरमनीण. दोन दिसाआड पाव किलो मांदेली, आन् वरून कोथिंबिरीची जुडी ठेवते, कोनाला दिसाया नको."

मी परत वर चेअरमनांकडे गेलो. "घरी मासे होतात का?"

"छे! आमच्याकडे श्रावणात कांदा-लसूणसुद्धा नाही."

"मग मांदेली कोण खातं?"

चेअरमन उभे राहिले. "इन्स्पेक्टर, आपण कोणाशी बोलताय..."

"पुरे हो!" आतून त्यांच्या पत्नी आल्या. "त्या माणसाचा हात सडतोय आणि तुम्ही कसले कागद दाखवताय?" त्यांनी माझ्या हातात मांजराचं लसीकरणाचं कार्ड ठेवलं. "बाथरूममध्ये आहे ते. मीटिंगला लोक येणार म्हणून ह्यांनी खाली कोंडलं. आधी हे डॉक्टरांना पाठवा, मग न्यायचं त्याला न्या."

कार्डावर मालकाचं नाव होतं, हुद्द्यासह. ते कार्ड आपल्याच घरावरचा पुरावा आहे, हे त्या बाईंना पुरतं कळत होतं. आयुष्यभर मी कबुलीजबाब खणून काढले. एवढी सरळ आलेली कबुली पाहून मला क्षणभर पेन काढायचं सुचलं नाही.

मांजर दहा दिवस ठणठणीत राहिलं. मास्तरांचं बोट वाचलं, पण पुरतं मिटत नाही. मास्तर आता कापडावर खुणा करतात आणि कापतं दुसरं कोणी. चेअरमनांवर आरोपपत्र गेलं. या प्रकरणाने मला शिकवलं की जखमेच्या आकारावरून गुन्हा मोजू नये, आणि लाजेखातर लावलेली कडी कोणाच्या तरी हातावर उघडते.

पुढच्या सर्वसाधारण सभेत चेअरमन बिनविरोध निवडून आले, कारण ते काम करायला दुसरं कोणी तयार नव्हतं. अनुमोदन कटिंग मास्तरांनी दिलं. डावा हात वर करून.